दुसऱ्या खेपेची साखर

"गरोदरपणातली साखर ना? बाळंतपण झालं की जाते ती." आपल्याकडे हे वाक्य इतक्या जणींनी इतक्या जणींना ऐकवलेले आहे की त्याला आता म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. सासू सांगते, शेजारीण सांगते, ऑफिसातली दोन मुलांची आई अधिकाराने सांगते. घाईत असलेले डॉक्टरही कधीकधी धीर देण्यासाठी तेच सांगतात. वाक्य खोटे नाही. वार पडली की बहुतेकींची रक्तातली साखर लवकरच पूर्वपदावर येते. अडचण एवढीच, की हे अर्धे वाक्य आहे. उरलेले अर्धे असे: जाते, पण घर बघून जाते. पुन्हा दिवस राहिले की जवळजवळ निम्म्या जणींकडे ती परत येते. आणि पुन्हा दिवस राहिले नाहीत, तरी काही वर्षांनी मुक्कामालाच येण्याची शक्यता मागे ठेवते.

पहिल्या खेपेला सगळेच अनपेक्षित असते. सहाव्या-सातव्या महिन्यात तपासणी होते, आकडा वर येतो, घरात धावपळ उडते. आहाराचा तक्ता फ्रिजवर लागतो, दिवसातून चार वेळा बोट टोचणे सुरू होते. त्या तीन महिन्यांत जे करायचे ते बहुतेकजणी निष्ठेने करतात. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल. पहिले मूल चालू लागते, बोलू लागते आणि घरातली वडीलधारी "आता दुसऱ्याचं बघा" असे सुचवू लागतात, त्या दोन-तीन वर्षांबद्दल. दुसऱ्या खेपेची साखर आटोक्यात ठेवण्याची खरी संधी त्या काळात असते, आणि नेमका तोच काळ कोणाच्याच हिशेबात नसतो.

हे असे का, ते समजण्यासाठी आधी वारेकडे वळायला हवे. आई आणि बाळ यांच्यातली सगळी देवघेव वार सांभाळते हे आपण शाळेत शिकलो. पण वार ही नऊ महिन्यांपुरती उगवलेली एक ग्रंथीही असते. तिच्यातून पाझरणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. त्यामागे निसर्गाचा हिशेब आहे: आईने साखर स्वतःच खर्चून न टाकता बाळासाठी राखावी. वार जसजशी वाढते तसतसा हा विरोध वाढतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्शुलिन तयार करावे लागते. जिच्याकडे एवढी शिल्लक असते तिला काही कळतही नाही. जिची शिल्लक मुळातच बेताची, तिची साखर वाढते. म्हणजे गरोदरपणाने हा आजार आणला असे म्हणण्यापेक्षा, आत दडलेला कमकुवतपणा गरोदरपणाने उघडा पाडला असे म्हणणे अधिक बरोबर.

१८२४ साली बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरने आपल्या प्रबंधात अशा एका स्त्रीची हकिगत लिहिली. तिची तहान काही केल्या भागेना, लघवीतून साखर जाई. बाळ बारा पौंडांचे भरले आणि जन्मतानाच दगावले. बाळंतपणानंतर आईची साखर मात्र नाहीशी झाली. ती पहिलटकरीण नव्हती. बाळ इतके का वाढते, याचा उलगडा व्हायला पुढे सव्वाशे वर्षे लागली. कोपनहेगनचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात त्याची नीट मांडणी केली. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवू लागते आणि त्या जोरावर बाळ चरबी साठवते. जन्मताना खांदे अडकण्याची भीती त्यामुळे. आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाच्या अंगातले इन्शुलिन तसेच असते, म्हणून गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाची साखर एकाएकी घसरते.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर मी स्वतः चकित झाले. गरोदरपणात किती साखर म्हणजे जास्त, हे ठरवणारे पहिले गाजलेले आकडे १९६४ साली बोस्टनच्या जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर मॅहॅन यांनी दिले. ७५२ गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांवरून ते काढलेले होते. पण ते निवडताना त्यांनी बाळाचे वजन पाहिले नव्हते, की बाळंतपणातल्या अडचणी. या स्त्रियांपैकी पुढच्या आयुष्यात मधुमेह कोणाला होईल, हे ओळखता यावे म्हणून ते आकडे होते. म्हणजे या निदानाचा जन्मच मुळी आईच्या भविष्याची सूचना म्हणून झाला. आपण मात्र ती सूचना बाळाच्या जन्माबरोबर रद्द झाली असे समजतो. नंतरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली, तेव्हा अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या किमान सातपट दिसली. २०२० मधल्या गोळाबेरजेत ती जवळजवळ दहापट निघाली.

मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेले आणि कागदपत्रे वाचायची सवय लागली, म्हणून आमच्या नात्यात कोणाचीही फाईल असली की ती वाचायला माझ्याकडे येते. माझ्या भाचीची फाईल अशीच आली. पहिला मुलगा तीन किलो नऊशे ग्रॅमचा, सिझेरियन, जन्मल्यावर साखर उतरली म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत. त्याला तीन वर्षे होऊन गेलेली. दुसऱ्याचा विचार चालला होता आणि तिला जुन्या सिझेरियनबद्दल शंका होती, म्हणून फाईल. घरी सोडतानाचा कागद मी दोनदा वाचला. बाळाच्या लशींच्या तारखा होत्या, टाके कधी दाखवायचे ते होते, लोहाच्या गोळ्या होत्या. आईच्या साखरेबद्दल एका कोपऱ्यात 'जीडीएम' ही तीन अक्षरे होती आणि पुढे 'आहार: नेहमीचा'. सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, याबद्दल एक ओळ नव्हती.

ही तपासणी चैनीची नाही. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये निघाल्या, २०१८ मध्ये सुधारल्या गेल्या; त्यांत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन आईची तपासणी करावी, आणि ती चांगली आली तरी पुढे दरवर्षी करावी, असे सांगितले आहे. होत नाही, कारण आपल्या घरांची रचनाच तशी आहे. सव्वा महिन्याची बाळंतीण माहेरी, दवाखाना सासरच्या गावी, रात्रीची जागरणे, आणि घरातल्या प्रत्येकाचे लक्ष पाळण्याकडे. फाईल होती ती आईची, ती बघता बघता बाळाची होते. बँकेत एकदा थकलेले खाते नियमित झाले तरी त्याच्यावर काही काळ लाल खूण राहते आणि दर तिमाहीला कोणीतरी ते उघडून पाहते. इथे पाहणारे कोणी नाही.

भाचीने त्या आठवड्यात तपासणी केली. उपाशीपोटीची साखर १०८ आली. शंभरच्या आत हवी, १२६ झाली की मधुमेह. म्हणजे ती उंबरठ्यावर उभी होती. आणि हे तिला कळले ते दिवस राहण्यापूर्वी, ही मोठीच गोष्ट. बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची मूळ घडण पहिल्या आठ आठवड्यांत होऊन जाते. पाळी चुकली हे लक्षात येऊन दवाखान्यात जाईपर्यंत त्यातले सहा आठवडे संपलेले असतात. दोन खेपांच्या मधे एखादीला नकळत खराखुरा मधुमेह झालेला असेल, तर सातव्या महिन्यातली तपासणी फार उशिराची. म्हणून जिला एकदा हा त्रास झाला तिने संततिनियमन थांबवण्यापूर्वी साखर पाहावी, रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर त्या गरोदरपणात चालतात का ते विचारावे, आणि फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करावे.

मग येतो वजनाचा मुद्दा, जो आपल्याकडे एकतर टिंगलीने येतो नाहीतर येतच नाही. स्वीडनमध्ये १९९२ ते २००१ या काळात पहिले आणि दुसरे बाळंतपण झालेल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दोन खेपांच्या दरम्यान ज्यांचे वजन बरेच वाढले होते, म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचे साधारण साडेसात किलो, त्यांना दुसऱ्या वेळी गरोदरपणातला मधुमेह होण्याची शक्यता वजन स्थिर ठेवणाऱ्यांच्या दुप्पट होती. लक्षात घ्या, हे पहिल्या खेपेआधीच्या वजनाबद्दल नाही, मधल्या काळात वाढलेल्या वजनाबद्दल आहे. आणि साडेसात किलो म्हणजे काय? दोन-तीन वर्षे मुलाच्या ताटलीत उरलेले संपवले, स्वतःचे जेवण उभ्याने केले आणि संध्याकाळचे फिरणे सुटले, की कोणालाही न दिसता तेवढे वाढते.

"पण मी तर जाडही नाही," असे म्हणणाऱ्या पुष्कळजणी असतात. त्यांच्यासाठी आपल्या पुण्यातलाच दाखला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघे शेजारी उभे; उंचीच्या मानाने वजनाचे गुणोत्तर दोघांचेही अगदी सारखे, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा मागोवा घेतला आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. तरी आपल्या किडकिडीत बाळांत स्नायू कमी आणि पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र टिकलेली. वरून बारीक, आतून मेदस्वी. तेव्हा काट्यावरच्या आकड्याने निश्चिंत होणे आपल्याला परवडणारे नाही.

बाळाच्या बाजूनेही या मधल्या काळाला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा या आदिवासी जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे. तिथे संशोधकांनी सख्खी भावंडेच एकमेकांशी ताडून पाहिली: आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली आणि झाल्यानंतर जन्मलेली. २००० साली निष्कर्ष आला तो असा, की नंतर जन्मलेल्या भावंडांना मोठेपणी मधुमेह होण्याची शक्यता बरीच अधिक. आई तीच, बाप तोच. फरक पडला तो पोटातल्या नऊ महिन्यांतल्या साखरेने.

भाचीने एक वर्ष थांबायचे ठरवले. सासूबाईंना ते रुचले नाही, पण त्यांनी नातू सांभाळायची जबाबदारी घेतली आणि हिला रोज संध्याकाळी पाऊण तास मोकळा मिळाला. माझ्या मते त्या सबंध वर्षातले सर्वांत परिणामकारक औषध तेच. सहा किलो वजन उतरले, उपाशीपोटीची साखर ९४ वर आली. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत तिने मागचा इतिहास सांगितला आणि तपासणी मागून घेतली. सरकारी सूचनांनुसार ती सर्वांचीच पहिल्या भेटीत व्हायला हवी, आणि तेव्हा ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने रूढ झालेली ही पद्धत आपल्या देशाला सोयीची आहे. खेड्यातून एसटीने आलेल्या बाईला उपाशी ठेवावे लागत नाही. जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचे. १४० किंवा वर आले तर मधुमेह समजून उपचार. काही डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ चे आकडे वापरतात, त्यासाठी उपाशीपोटी जावे लागते. दोन दवाखान्यांत दोन मोजमापे म्हणून गोंधळू नये. नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार स्त्रियांच्या पाहणीत २००८ साली असेच दिसले, की साखर चढते तशी जोखीम हळूहळू चढत जाते. अमुक आकड्यापर्यंत निर्धास्त आणि पुढे धोका अशी रेघ निसर्गाने आखलेली नाही.

आता स्वयंपाकघर. इथे माझ्या वयाच्या बायकांशी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे, कारण डबे आपल्या ताब्यात असतात. 'दोन जिवांचं खाणं' या शब्दाने फार गोड घोळ घातला आहे. दुसरा जीव आरंभी मुगाएवढा असतो. गूळ चालतो, मध चालतो, खडीसाखर थंड असते, ही सगळी मनाची समजूत. रक्तात गेल्यावर ती साखरच. शतावरी कल्पाचा डबा प्रेमाने आणावा, पण आणण्यापूर्वी त्यावरचा बारीक मजकूर वाचावा. कल्पात शतावरी किती आणि साखर किती ते पाहावे. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. संकष्टीचा उपवास या नऊ महिन्यांत देवाला मागून घ्यावा, तो नाही म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. साखरेच्या भीतीने जेवण तोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. उपाशी राहिले की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारी कीटोन द्रव्ये बाळाच्या दृष्टीने चांगली नाहीत. भात बंद, पोळी बंद, आंबा विषासमान, असले काही करायचे नसते. करायचे ते एवढेच, की पानाची मांडणी बदलायची. डावी बाजू चमचाभर वाढायची आपली रीत. कोशिंबीर वाटीभर वाढावी आणि ती आधी संपवावी. मग उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, आणि त्यांच्या सोबतीला भाकरी किंवा पोळी. भात शेवटी, मूदभर. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी, पण ज्वारी म्हणजे काही मंत्र नव्हे. तीन भाकऱ्यांची साखर तीन भाकऱ्यांएवढीच होणार. सर्वांत हट्टी असते ती सकाळच्या न्याहारीनंतरची साखर, कारण सकाळी संप्रेरकांचा जोर अधिक. पोह्यांची बशी आणि साखरेचा चहा यांनी भाचीचा आकडा १६० च्या वर जाई. मुगाचे धिरडे आणि दही, किंवा अंडे आणि अर्धी भाकरी यांनी १२० च्या आत राही. तिने पंधरा दिवस बोट टोचून हे स्वतः शोधून काढले. दुसरीचे शरीर वेगळे असेल. आपल्याला काय सोसते ते ग्लुकोमीटर सांगतो. आणि शतपावली! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की साखरेचा चढ कमी होतो, हे आता शास्त्रही सांगते. शंभर पावले मात्र थोडी कमी पडतात.

डोहाळजेवण नेमके सातव्या महिन्यात, म्हणजे वारेचा जोर वाढतो त्याच सुमारास. भाचीचे झाले. पाच पक्वान्ने तिच्यासमोर मांडली गेली, फोटो निघाले, एकेक घास तिने खाल्ला आणि उरलेले आम्ही संपवले. फुलांच्या वाडीत कोणाला काही उणे वाटले नाही.

एवढे करूनही सव्विसाव्या आठवड्यात तिची साखर वाढली. हे मुद्दाम सांगते, कारण 'सगळं नीट केलं तर होणारच नाही' असे वचन कोणी देऊ नये. आजोळ-ददोळ दोन्हीकडून आलेला वारसा, वाढते वय, पाळीच्या जुन्या तक्रारी यांवर कोणाचे काय चालते? पण या वेळी आकडे सौम्य होते आणि वेळेत कळले होते. बहुतेकींचे आहार आणि चालणे यांवर भागते. दोन आठवड्यांत भागले नाही तर औषध लागते. तिला आठव्या महिन्यात रात्रीचे थोडे इन्शुलिन घ्यावे लागले. "इन्शुलिनवर गेली!" म्हणून घरात एकदम सुतक आल्यासारखे झाले होते. वास्तविक इन्शुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, आणि बाळंतपणानंतर ते बहुतेकींचे बंदही होते. ऑस्ट्रेलियात हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, जिचा निकाल २००५ साली आला, उपचार घेतलेल्यांच्या बाळांत गंभीर घटनांचे प्रमाण चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले होते. यात लपवण्यासारखे किंवा 'हिनेच गोड खाल्लं असेल' असे कुजबुजण्यासारखे काय आहे?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. ग्लुकोमीटर परवडतो, त्याच्या पट्ट्या दरमहा खिसा कापतात. पण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे, आणि घरकाम करणाऱ्या आपल्या मावशींच्या सुनेला आपण एवढे तरी सांगू शकतो.

भाचीला मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅमची. काचेची पेटी लागली नाही. अंगावर पाजल्याने आईचाही मधुमेह लांबतो असे दिसून आले आहे, ते ती आवडीने करते आहे. मी अळिवाचे लाडू केले, लहान लिंबाएवढे, दिवसाला एक. बाळाची पहिली मोठी लस सहा आठवड्यांची असते. त्याच दिवशी सकाळी तिने स्वतःची तपासणी ठरवून टाकली. ग्लुकोज पिऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसली, मधल्या वेळात बाळाची लस उरकली, दोन तासांनी रक्त दिले. अहवाल चांगला आला. लसीकरणाच्या पुस्तिकेत, शेवटच्या कोऱ्या पानावर, तिने आपल्या पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख लिहून ठेवली आहे.